कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खरोखर निकामी झाला आहे का? जुन्या गाडीची तपासणी आणि बदल

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडल्यावर पी ०४२० हा कोड दिसतो आणि तेवढ्या आधारावर नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर शुद्ध करणारा एक्झॉस्टमधील डबा, मागवला जातो. हा भाग स्वस्त नसतो, आणि पुष्कळदा तो बसवून काही आठवडे होत नाहीत तोच दिवा पुन्हा लागतो. याचे कारण असे की कन्व्हर्टरमध्ये हलणारा एकही भाग नसतो. तो आपसूक झिजून निकामी होण्याचे प्रमाण कमी, आणि इंजिनातील दुसऱ्या एखाद्या दोषामुळे खराब होण्याचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे कन्व्हर्टर गेला आहे का, हे ठरवणे जितके महत्त्वाचे आहे, तितकेच तो कशामुळे गेला हे शोधणेही महत्त्वाचे आहे, आणि हा शोध नवा भाग विकत घेण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवा. पुढील विवेचन पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांपुरते आहे. डिझेल गाड्यांची धूर शुद्ध करण्याची रचना वेगळी असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

आत काय असते

बाहेरून स्टीलचा फुगीर डबा दिसतो. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, हजारो बारीक नळ्यांची चिनी मातीसदृश विटकर असते; काही गाड्यांत ती पातळ धातूच्या पत्र्याची असते. या नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. धूर त्यांवरून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या वाफेत होते, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून साधा नायट्रोजन मिळतो. या तिन्ही क्रिया एकाच वेळी नीट घडण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ राहावे लागते. ते साधण्याचे काम कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर इंजिनाच्या संगणकाच्या मदतीने करतो.

त्याच थरात सेरियम ऑक्साइडही असते, आणि पुढील तपासणी समजण्यासाठी त्याचे काम लक्षात ठेवणे आवश्यक आहे. धुरात ऑक्सिजन जास्त असेल तेव्हा ते तो साठवते आणि कमी असेल तेव्हा सोडते. त्यामुळे आत येणाऱ्या धुरातील ऑक्सिजन सतत वरखाली होत असला तरी बाहेर पडणाऱ्या धुरातील प्रमाण बरेचसे स्थिर राहते. कन्व्हर्टरनंतरचा दुसरा ऑक्सिजन सेन्सर नेमके हेच पाहतो.

कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापल्यावर कामाला लागतो आणि चालू गाडीत ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान राहतो. थंड इंजिनावर केलेल्या चाचणीला त्यामुळे काहीच अर्थ उरत नाही.

लक्षणे दोन प्रकारची असतात

कन्व्हर्टर दोन निरनिराळ्या रीतींनी बिघडतो, आणि नवशिक्याची गल्लत बहुधा येथेच होते. पहिल्या प्रकारात विटकर शाबूत असते, पण तिच्यावरील धातूंवर तेलाची राख किंवा अन्य पदार्थांचा लेप बसतो, अथवा उष्णतेने ते कण एकत्र येऊन त्यांचे पृष्ठफळ घटते. गाडी पूर्वीसारखीच पळते; फक्त दिवा लागतो आणि धुराच्या चाचणीत गाडी नापास होते. दुसऱ्या प्रकारात विटकर वितळते किंवा तुटते आणि धुराची वाट अडते. अशा वेळी पिकअप जातो, चढावर गाडी दम टाकते, वेग एका मर्यादेपुढे वाढत नाही, आणि वाट पूर्ण बंद झाली तर इंजिन सुरू होऊन काही क्षणांत बंद पडते. गाडीखालून डब्यात खडे हलल्यासारखा खडखडाट येत असेल, तर विटकर फुटली आहे असे समजण्यास हरकत नाही. मात्र त्याआधी डब्यावरचे उष्णतारोधक पत्रे हाताने हलवून पाहावेत. गंजून सैल झालेला पत्रा हुबेहूब तसाच आवाज करतो.

सडक्या अंड्यासारखा वास हे बहुचर्चित लक्षण आहे. तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि मिश्रणात पेट्रोल जास्त झाल्याचे सुचवतो. केवळ वासावरून कन्व्हर्टर बदलू नये.

पिवळा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर इंजिनात मोठा मिसफायर होत आहे, म्हणजे सिलिंडरमधील इंधन नीट पेटत नाही, आणि त्यामुळे कन्व्हर्टरला इजा पोहोचत आहे, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा तपासणी बाजूला ठेवून वेग कमी करावा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवावी. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटले की तापमान १,००० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि चांगली विटकर थोड्याच वेळात निकामी होते.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी

सुरुवात स्कॅनरने करावी, पण सापडलेला कोड लगेच पुसू नये. पी ०४२० म्हणजे पहिल्या बाजूच्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीखाली गेली आहे. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी ०४३० असतो. त्यांच्या सोबत पी ०३०० किंवा त्यापुढचे मिसफायरचे कोड, मिश्रणात इंधन कमी पडल्याचा पी ०१७१ अथवा जास्त झाल्याचा पी ०१७२ असेल, तर आधी ते दोष दूर करावेत. प्रत्येक कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद, म्हणजे वेग, तापमान आणि इंजिनावरचा भार, लिहून ठेवावी; कोड पुसला की ती नोंदही जाते. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपीय संघात २००१ पासूनच्या नव्या पेट्रोल गाड्यांत स्कॅनरसाठी प्रमाणित जोडणी सक्तीची आहे. त्याहून जुन्या गाडीत दुसरा सेन्सर बहुधा नसतो, आणि तेथे पुढे दिलेल्या दाबाच्या व तापमानाच्या चाचण्यांवर आणि धुराच्या विश्लेषकावर विसंबावे लागते.

यानंतर एक्झॉस्टची गळती पाहावी. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून सर्रास वगळली जाते, आणि माझ्या मते विनाकारण बदलल्या जाणाऱ्या कन्व्हर्टरांमागचे मोठे कारण हेच आहे. पाइपातील दाब एकसारखा नसतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बारीक भेगेतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि संगणक दोष कन्व्हर्टरच्या माथी मारतो. थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डपासून, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांपासून, दुसऱ्या सेन्सरपर्यंत टकटक असा आवाज येतो का ते ऐकावे आणि सांध्यांवर काजळीच्या काळ्या रेघा शोधाव्यात. इंजिन बंद व थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू शेपटीच्या नळीला लावून सांध्यांवर साबणाचे पाणी मारल्यास बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. गळती शोधण्यासाठी पाइपात धूर सोडणारे यंत्र उपलब्ध असेल तर उत्तमच.

गळती नसल्याची खात्री झाल्यावर इंजिन पूर्ण तापवावे, मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटे ठेवावे आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सरांचे आलेख शेजारीशेजारी पाहावेत. पारंपरिक पहिला सेन्सर सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली होतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर दुसरा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास संथ राहतो. दुसऱ्याचा आलेख पहिल्याची नक्कल करू लागला, तर ऑक्सिजन साठवण्याची क्षमता संपली आहे. काही गाड्यांत पहिला सेन्सर रुंद पल्ल्याचा असतो आणि त्याचे आकडे अशा रीतीने झोके घेत नाहीत. तेथे केवळ दुसऱ्या सेन्सरच्या चंचलतेकडे लक्ष द्यावे. दुसरा सेन्सर एकाच आकड्यावर अगदी गोठलेला दिसला, तर तो स्वतः जिवंत आहे का हे पाहावे: ॲक्सिलरेटर झटक्यात दाबल्यावर व्होल्टेज वर आणि सोडल्यावर खाली गेले पाहिजे.

वाट अडल्याचा संशय असेल, तर पहिला ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी दाबमापक बसवावा. इंजिन मंद चालत असताना दाब सुमारे १.२५ पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंड) कमी आणि २,५०० फेऱ्यांवर ३ पीएसआयपेक्षा कमी असणे अपेक्षित आहे. सेन्सर निघत नसेल तर इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, व्हॅक्यूम गेज जोडण्याची जुनी युक्ती वापरता येते. निरोगी इंजिनात मंद गतीला १७ ते २१ इंच पारा इतका आकडा दिसतो. फेऱ्या २,५०० वर नेऊन तेथेच धरून ठेवल्या असता काटा क्षणभर पडून पूर्वीच्या जागी किंवा थोडा वर स्थिरावला, तर वाट मोकळी आहे. तो हळूहळू खाली घसरत राहिला, तर पुढे कोठेतरी अडथळा आहे. हा अडथळा कन्व्हर्टरमध्येच असेल असे मात्र नाही. विटकरीचे तुकडे वाहत जाऊन सायलेन्सरमध्ये अडकल्याची उदाहरणे आढळतात, त्यामुळे पाइपांचा तो भागही ठोकून पाहावा.

इन्फ्रारेड तापमापकाने आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या तोंडाचे तापमान मोजण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. काम करणारा कन्व्हर्टर बाहेरच्या बाजूला अधिक तापतो, हे तत्त्व बरोबर आहे. पण इंजिन निरोगी असेल आणि जाळण्यासारखे फारसे काही धुरात नसेल, तर फरक नगण्य दिसतो. या चाचणीला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. मोजमाप पाइपावर, डब्याच्या लगत घ्यावे. वरच्या रोधक पत्र्यावर घेतलेले आकडे निरुपयोगी असतात.

मूळ कारणाचा शोध

कन्व्हर्टर गेला हे सिद्ध झाल्यावर लगेच पाने हाती घेण्याचा मोह आवरावा. स्पार्क प्लग काढून ओळीने मांडावेत. ते बरेच काही सांगतात. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, आणि गळणारा इंजेक्टर, पेट्रोलच्या दाबाचा नियंत्रक किंवा थकलेला पहिला सेन्सर यांच्याकडे बोट जाते. तेलकट काळा थर असेल तर पिस्टन रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा क्रँककेसची वायुवीजन झडप तपासावी. इंजिन ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्त हे मौल्यवान धातूंवर बसतात, त्यामुळे तेल खाणारे इंजिन नव्या कन्व्हर्टरचेही तेच हाल करते. एखादाच प्लग संशयास्पद स्वच्छ, जणू धुतलेला दिसत असेल आणि कूलंट दिसेनासे होत असेल, तर हेड गॅस्केटची चाचणी करावी, कारण कूलंटमधील रसायनेही तितकीच घातक असतात. इग्निशन कॉइल आणि तारा अधूनमधून दगा देत असतील तर मिसफायरची संख्या स्कॅनरवर सिलिंडरनिहाय पाहता येते.

इंधनाच्या दुरुस्तीचे (फ्युएल ट्रिम), म्हणजे संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो त्याचे, आकडेही स्कॅनरवर पाहावेत. अल्पकालीन आणि दीर्घकालीन दुरुस्तीची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल, तर मिश्रण ठीक मानता येते. त्याबाहेर असेल तर नवा कन्व्हर्टर थांबू द्यावा.

कन्व्हर्टर साफ करणारी म्हणून विकली जाणारी द्रवे वितळलेली विटकर परत जुळवू शकत नाहीत किंवा गेलेले धातू परत आणू शकत नाहीत. विटकर फोडून रिकामा डबा लावणे हा पुष्कळ देशांत गुन्हा आहे, आणि दुसऱ्या सेन्सरमुळे दिवाही लागलेलाच राहतो.

नवा भाग निवडताना

थेट बसणारा भाग आणि सर्वसाधारण भाग असे दोन पर्याय असतात. पहिल्यात फ्लँज (पाइप जोडण्यासाठीच्या बोल्टच्या चकत्या), सेन्सरची भोके आणि पाइपांची वळणे मूळ भागाप्रमाणेच असतात आणि तो बोल्टने बसतो. दुसरा नुसता डबा असतो व तो कापून वेल्ड करावा लागतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने थेट बसणाराच घ्यावा. किमतीतला फरक वेळेत आणि मनस्तापात वसूल होतो. गाडीचे वर्ष पुरेसे नसते, इंजिनाचा क्रमांक आणि प्रदूषण मानकाचे लेबल जुळवून पाहावे लागते. फार स्वस्त भागांत मौल्यवान धातू कमी असतात आणि काही महिन्यांत तोच कोड परत येतो. सोबत नवे गॅस्केट आणि नवे बोल्ट-नट घ्यावेत. दुसरा सेन्सर जुना असेल तर तोही आताच बदलणे शहाणपणाचे ठरते.

बदलण्याचे प्रत्यक्ष काम

आदल्या दिवशी सर्व नटांवर आणि सेन्सरच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे, आणि जमल्यास काही तासांनी पुन्हा मारावे. कामाच्या दिवशी गाडी काही तास थंड होऊ द्यावी, कारण इंजिन बंद केल्यानंतरही डबा बराच वेळ भाजण्याइतका गरम राहतो. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करून चाकांना अडण्या लावाव्यात, जॅकने उचलून जॅक स्टँडवर टेकवावी आणि खाली जाण्यापूर्वी ती हलवून पाहावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. गंजाचे कण सरळ डोळ्यांत पडतात, म्हणून चष्मा सक्तीचा समजावा. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी.

प्रथम सेन्सरांचे कनेक्टर सोडवावेत आणि मगच सेन्सर फिरवावेत, नाहीतर तार पिळवटून तुटते. त्यासाठी बाजूला फट असलेले २२ मिलिमीटरचे सॉकेट मिळते. जो सेन्सर हलत नाही त्याच्याशी झटापट करू नये. आटे फाटले तर काम दुप्पट होते. जुना सेन्सर आणि जुना डबा दोन्ही टाकूनच द्यायचे असतील, तर तो आत तसाच राहू द्यावा.

फ्लँजचे नट काढताना प्रत्येक नट आधी किंचित आवळून मग सैल करावा. गंजाची पकड अशाने सुटते. एखादा बोल्ट तुटलाच तर फार वाईट वाटून घेऊ नये, नवे बोल्ट त्यासाठीच आणलेले असतात. मॅनिफोल्डमध्ये कायम बसलेल्या स्टडबाबत (आट्यांच्या दांड्याबाबत) मात्र सावध राहावे, कारण तो तुटला तर ड्रिलिंगचे नाजूक काम वाढते. ग्राइंडर वापरण्याची वेळ आली तर पेट्रोलच्या नळ्या आणि ब्रेकच्या नळ्या कोठून जातात हे आधी पाहावे आणि अग्निशामक जवळ ठेवावा. शेवटचा नट काढण्यापूर्वी डब्याखाली जॅक किंवा दुसऱ्या माणसाचा हात असावा. एक्झॉस्टला गाडीखाली टांगून धरणारे रबरी हँगर साबणाच्या पाण्याने सहज निसटतात.

काढलेला आणि नवा भाग जमिनीवर शेजारीशेजारी ठेवून लांबी, फ्लँजचा कोन आणि सेन्सरची भोके ताडून पाहावीत. फ्लँजवरील जुन्या गॅस्केटचे अवशेष तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडावेत. डब्यावर बाण असेल तर तो शेपटीच्या नळीकडे, म्हणजे धूर जाण्याच्या दिशेने असावा. सर्व बोल्ट आधी हातानेच लावावेत, हँगर अडकवावेत, डबा बॉडीला, ड्राइव्ह शाफ्टला किंवा पेट्रोलच्या नळीला टेकत नाही हे पाहावे आणि त्यानंतरच पुढून मागे जात, प्रत्येक फ्लँजचे नट आळीपाळीने आवळावेत. आवळण्याचे माप गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. ऑक्सिजन सेन्सरसाठी साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर हे माप आढळते. त्याच्या आट्यांवर सेन्सरसाठीचे न चिकटणारे ग्रीस हलकेच लावावे. नव्या सेन्सरवर ते बहुधा आधीच असते. ते टोकाला लागू देऊ नये. सांध्यांवर साधे सिलिकॉन सीलंट वापरण्याचा विचारही करू नये, सिलिकॉनची वाफ सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांनाही मारते. उष्णतारोधक पत्रे परत बसवणे ऐच्छिक नाही; त्यांच्याविना फरशीखालचे आवरण किंवा वाळके गवत पेटू शकते.

वेल्डिंगचा मार्ग निवडावाच लागला, तर कापण्यापूर्वी पाइपावर खुणा कराव्यात, सेन्सर काढून ठेवावेत आणि वेल्डिंगची अर्थ तार वेल्डच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे विद्युतप्रवाह गाडीच्या संगणकाकडे वळणार नाही.

पहिली सुरुवात आणि नंतर

इंजिन मोकळ्या हवेतच सुरू करावे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद जागेत तो जीव घेतो. पहिली काही मिनिटे हाताळताना लागलेल्या तेलामुळे आणि डब्यातील बंधक पदार्थ तापल्यामुळे धूर व उग्र वास येतो. तो आपोआप थांबतो. विटकरीभोवतीची चटई याच वेळी फुगून घट्ट बसते, म्हणून लगेच जोरात गाडी पळवू नये. थंड झाल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत आणि सांध्यांची गळती पूर्वीच्याच पद्धतीने पाहावी.

आता कोड पुसावा. असे केल्यावर संगणकाच्या स्वयंचाचण्याही कोऱ्या होतात, त्यामुळे लगेच धुराच्या चाचणीला नेलेली गाडी अपूर्ण म्हणून परत पाठवली जाऊ शकते. थंड सुरुवात, थोडे शहरी चालवणे, नंतर मोकळ्या रस्त्यावर काही मिनिटे एकसारखा वेग आणि ॲक्सिलरेटर सोडून सरकत जाणे, असे काही दिवस केले की स्कॅनरवर कन्व्हर्टरची स्वयंचाचणी पूर्ण झालेली दिसते. तेव्हा दोन्ही सेन्सरांचे आलेख पुन्हा पाहून जुन्या नोंदींशेजारी जपून ठेवावेत. कोड लवकर परत आला तर संशयाचा क्रम असा असावा: सांध्याची गळती, मग सेन्सर, मग अर्धवट सुटलेला मिसफायर, आणि शेवटी भागाचा दर्जा.

काढलेला डबा फोडू नये. आतील धूळ आणि चटईचे तंतू फुप्फुसांना हानिकारक असतात. त्यातील प्लॅटिनम गटाच्या धातूंमुळे पुनर्वापर करणारे तो विकत घेतात, परंतु नवा भाग वॉरंटीखाली असेल आणि विक्रेता जुना परत मागत असेल, तर स्वयंचाचणी पूर्ण होईपर्यंत तो कोपऱ्यात ठेवून द्यावा.